दाजी, देवनहळ्ळी आणि माझा ओव्हरड्राफ्ट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फॅक्टरीच्या कँटीनमध्ये दाजींचीच गोष्ट सांगत होतो. आमच्या सेक्शनला पुण्याहून दोन नवी मुलं आली होती. बेंगळूरमध्ये जागेचे भाव कसे वाढतात हे त्यांना समजावता समजावता मी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, यजमानांवर, म्हणजे दाजींवर, आणि त्यांच्या देवनहळ्ळीच्या साइटवर कधी घसरलो ते मलाही कळलं नाही. गोष्ट शहाळ्यांपर्यंत आली होती, मुलं हसायला लागली होती, तेवढ्यात प्यून येऊन म्हणाला, "सार, फोन. घरून आहे." मी त्याला हातानेच थांब म्हटलं. शेवट राहिला होता ना. शेवट सांगून, हशा वसूल करूनच मी फोनपर्यंत गेलो... पलीकडे माझी बायको, मंगल. "दाजी गेले," एवढंच म्हणाली. सकाळी वेताच्या खुर्चीत पेपर वाचता वाचता त्यांची मान कलली होती. अक्का कॉफी घेऊन आली तेव्हा पेपर हातातच होता.

त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी ती गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की माझ्यापुरता हा विक्रम आहे. आमच्या घराण्याचा गोष्टवाला मी. लग्न असो, मुंज असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "दिगू, सांग रे." आज सांगायला बसलोय तो मात्र हसवायला नाही. मला एका गेलेल्या माणसाशी भांडायचंय, आणि तो माणूस जिवंत असतानाही कधी भांडला नाही, त्यामुळे हा लेख एकतर्फीच होणार.

दाजींचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी बेळगावकडून येऊन बेंगळूरच्या बसवनगुडीत मुरलेलं. त्यांचं मराठी वाक्य कानडी "सरी"ने, म्हणजे 'बरं'ने, सुरू व्हायचं आणि "हौदा?"ने, म्हणजे 'हो ना?'ने, संपायचं. मोजमापाची उपकरणं तपासायची हे त्यांचं सरकारी कारखान्यातलं काम, केसाच्या जाडीइतकी चूक शोधायचं. बोलणंही तसंच, मोजून. मी सांगलीचा. आमच्याकडे शब्द पोत्याने ओततात. तेविसाव्या वर्षी मी नोकरीला इथे आलो तेव्हा आईने स्टँडवर बजावलं होतं, "बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही, आणि तिच्या घरातून भरल्या हातानं निघायचं नाही." मी ते इतकं मनावर घेतलं की अक्काचं घर असताना चामराजपेठेत खोली केली आणि दर रविवारी डझनभर केळी घेऊन जेवायला जाऊ लागलो. तीन-चार महिन्यांनी दाजी एकदा घडाकडे बघत हळूच म्हणाले, "दिगंबरराव, घरात माणसं तीन. ही केळी देवळातल्या माकडांना पाठवली तर चालेल, हौदा?" मी पुढच्या रविवारी डझनाऐवजी दीड डझन नेली. असा मी.

आमचे वडील मिरजेच्या दवाखान्यात गेले, त्या वेळचं बिल दाजींनी कुणाला न सांगता भरलं होतं. मला ते तेराव्याला कळलं. भरल्या घरात, पानं वाढलेली असताना मी उभा राहून बोललो, "आमच्या वडिलांचं आम्ही बघून घेऊ. मुलीच्या घरच्या पैशावर जायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही." दाजींनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला सुरुवात केली. पुढे ती रक्कम मी अकरा मनीऑर्डरींनी फेडली. हातात दिली असती तर त्यांनी घेतली नसती, म्हणून चामराजपेठेतून बसवनगुडीला, पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर, पोस्टाने. दाजींनी अकराही वेळा निमूट सही केली. पोस्टमनने मात्र मला एकदा रस्त्यात गाठून विचारलं, की साहेब, तुमचं त्या घराशी कोर्टात चालू आहे का.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं त्याची मुळं इथे आहेत असं अक्काचं म्हणणं आहे. मला ते पटतं. पटलं म्हणून राग जातो असं नाही.

ब्याण्णव साली माझी अवस्था अशी होती की पगार वीस तारखेला संपायचा आणि महिना तीस तारखेपर्यंत चालायचा. दोन मुलं, भाड्याचं घर, आणि हात जरा सैल. मंगलच्या दोन बांगड्या 'दुरुस्तीला' म्हणून ज्या दुकानात होत्या तिथे दुरुस्ती होत नसे, गहाण ठेवून घेत. त्याच्या आदल्या वर्षी मी बँकेत ओव्हरड्राफ्ट मागून पाहिला होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बँकेशी एक मर्यादा ठरवायची, खात्यातली शिल्लक संपली तरी त्या मर्यादेपर्यंत आपला चेक वटतो. जेवढे वापरू तेवढ्यावर व्याज. मॅनेजर शेणॉयांनी मला कॉफी पाजली, माझ्या मुलांची चौकशी केली आणि नाही म्हटलं. आणि मग ब्याण्णवच्या मार्चमध्ये एक दिवस त्यांनीच मला काउंटरवरून केबिनमध्ये बोलावलं. "तुमचा पगार इतकी वर्षं इथेच जमा होतो. पंचवीस हजारांची मर्यादा करून देतो. चालेल?"

चालेल? मी तर हवेत होतो. मला वाटलं, एका वर्षात बँकेला माझी किंमत कळली. शेणॉयांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाले, "वाचून सही करा." मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता, मग मी तुमच्यावर का ठेवू नये?" आणि फुल्या केलेल्या वीसेक ठिकाणी वळणदार सह्या ठोकल्या. शेणॉय माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मी 'आदर' असा लावला.

बांगड्या आठवड्यात घरी आल्या. तिथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण पाण्यात उतरलेल्या माणसाला पाणी किती खोल आहे हे बघावंसं वाटतंच. रंगीत टीव्ही आला. स्कूटरला नवं इंजिन बसलं. पगार झाला की खड्डा थोडा भरायचा, वीस तारखेनंतर पुन्हा खणायचा. आणि दर दिवाळीत भाऊबिजेला अक्काच्या ताटात घसघशीत ओवाळणी पडायला लागली. पूर्वी एकावन्न रुपये टाकणारा मी आता पाचशे एक टाकत होतो. अक्का म्हणायची, "दिगू, एवढे कशाला रे?" मी म्हणायचो, "तुझ्या भावाला बँक उभी राहून पैसे देते." दाजी खुर्चीतून पेपरआड म्हणायचे, "घे गं. एवढ्या प्रेमाने देतोय तर."

ओव्हरड्राफ्टवर मी व्याख्यानंही द्यायचो. कोजागिरीला आमच्या मराठी मंडळात इंदिरानगरकडची कॉम्प्युटरवाली पोरं यायची, पुण्या-नागपूरची, पगार भरपूर आणि अक्कल कोरी. दुधाचा ग्लास हातात धरून मी त्यांना सांगायचो, "कर्ज वेगळं आणि ओव्हरड्राफ्ट वेगळा. कर्ज गरजवंताला मिळतं. ओव्हरड्राफ्ट म्हणजे पत." एकदा दाजी शेजारीच बसले होते. दूध फुंकत त्यांनी विचारलं, "आणि माणसाची पत बँकेला कळते कशी, दिगंबरराव?" मी म्हटलं, "चेहरा बघून, दाजी." पोरं हसली. दाजींनी माझा चेहरा बघितला, अगदी कारखान्यातलं उपकरण तपासावं तसा, आणि म्हणाले, "सरी, सरी. असेल."

आता ती गोष्ट. जी मी चार वर्षं सांगितली ती.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर दाजींच्या कारखान्यातल्या लोकांच्या गृहनिर्माण सोसायटीने देवनहळ्ळीजवळ साइट काढल्या. आपल्याकडे ज्याला प्लॉट म्हणतात त्याला बेंगळूरला साइट म्हणतात. चाळीस बाय साठ फूट. तिकडे कधीतरी विमानतळ येणार अशी कुजबुज होती, आणि तीस हजारांचा पहिला हप्ता महिनाअखेर भरायचा होता. माझ्या स्कूटरवर, नव्या इंजिनाच्या, आम्ही दोघं बघायला गेलो. जुना किल्ला, द्राक्षाचे मळे, पुढे नुसती लाल माती आणि चार दगड. माझ्या गोष्टीत दाजी तिथे पोचल्यावर आधी एक शहाळं पितात. मग बूट काढून, बुटानेच जमीन मोजायला लागतात, टाचेला टोक लावून, कारण सोसायटीच्या टेपवर त्यांचा विश्वास नाही. मग दुसरं शहाळं. मग एका कोपऱ्यात उभं राहून, डोळे मिटून, "इथे हिचं स्वयंपाकघर. पूर्वेला खिडकी," असं म्हणतात. तिसरं शहाळं. मग एका दगडावर बसून दगड हलतोय का बघतात. मग अर्धा तास काहीच नाही. शेवटी मी विचारतो, "मग, दाजी? भरायचे का पैसे?" आणि दाजी म्हणतात, "स्वल्प विचार करतो." महिनाअखेर जाते. साइट जाते. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला मिळते. वर्षात भाव दुप्पट होतो.

इथे मी थांबायचो. सगळ्यांकडे बघायचो, मग वेताच्या खुर्चीकडे वळून मोठ्याने विचारायचो, "मग, दाजी?" आणि दाजी पेपर खाली न घेता, अगदी सावकाश म्हणायचे, "विचार चालू आहे."

घर हसून लोटपोट व्हायचं. त्या एका वाक्यावर गोष्ट चालायची हे कबूल करायला हवं. दाजी हजर असले की गोष्ट दसपट रंगायची. नसले की ते वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हणायचो, कँटीनमध्ये म्हटलं तसं. भित्रा माणूस, फुकट घालवलेली संधी, असा तिचा सारांश होता, आणि त्यावर उपाय म्हणून मी स्वतःचं उदाहरण द्यायचो. अक्का हसायची नाही. ती उठून पानाचं तबक आणायला आत जायची. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

आणि मार्चातली कॉफी. दरवर्षी मार्चच्या एखाद्या शनिवारी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आमच्याकडे यायचे. एरवी बोलावल्याशिवाय न येणारा माणूस. "बँकेत काम होतं. म्हटलं, मंगलच्या हातची कॉफी घेऊन जाऊ." कॉफी पिऊन, "सगळं सरी ना?" असं विचारून निघायचे. मी मंगलला म्हणायचो, बघ, तुझ्या कॉफीची कीर्ती. या मार्चमध्ये ते आले तेव्हा जरा थकलेले दिसले. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "दिगंबरराव, ते ओव्हरड्राफ्टचं आता स्वल्प स्वल्प करून मिटवायचं का? वय झालं."

"कुणाचं, तुमचं की माझं?"

"दोघांचं."

मी हसलो. म्हटलं, "दाजी, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं. पैसा फिरता ठेवावा लागतो." ते म्हणाले, "सरी," आणि चप्पल घातली. मंगल दारापर्यंत त्यांना सोडायला गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. आमचं दोघांचं निवांत असं ते शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर पंधरा दिवसांनी दाजींची बँकेतली ठेव अक्काच्या नावावर करायला जायचं होतं. आयुष्यभराची ती एकच ठेव. अक्का म्हणाली, "मी एकटी जाऊन येते." मी म्हटलं, "अगं, भाऊ कशाला आहे? बँकेत मला ओळखतात." ती दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा तिने पायात चप्पल सरकवली. वाटेत मी विचारलं, "ठेवीची पावती घेतलीस ना?" "पावती बँकेतच आहे." मी म्हटलं, "बघ, दाजींचं हे असं. इतका मोजून मापून चालणारा माणूस, आणि पावती बँकेत विसरला."

शेणॉय बदलून गेलेले. काउंटरला एक तरुण मुलगी होती, कन्नड आणि इंग्लिश मिसळून बोलणारी, फार नम्र. तिने मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, थांबवलं. म्हणाली, ही ठेव लगेच मोकळी करता येणार नाही, तारण आहे. मी हसून म्हटलं, काहीतरी चूक आहे, आमच्या दाजींनी जन्मात कर्ज काढलं नाही. ती म्हणाली, त्यांचं कर्ज नाही सर, दुसऱ्या एका खात्याच्या ओव्हरड्राफ्टसाठी त्यांनी ठेवली आहे. ब्याण्णवपासून. दरवर्षी मार्चमध्ये येऊन सही करायचे. ते खातं पूर्ण भरून मिटलं की लगेच देऊ. "कुणाचं खातं?" मी विचारलं, आणि खरं सांगतो, आवाज चढवून विचारलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या साधेपणाचा फायदा कुणी घेतला ते मला बघायचं होतं. तिने रजिस्टर माझ्याकडे वळवलं नाही, स्वतःच वाचलं. टाइप केल्यासारखं, एकेक शब्द तोडून, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग वर बघून विचारलं, "हे तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं... काय म्हटलं ते आठवत नाही. अक्का म्हणाली, "हो, ओळखीचे आहेत."

गांधीबझारातून परत चालताना दहा मिनिटं मी नुसत्या दुकानांच्या पाट्या वाचत होतो. मग मीच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंगलच्या हातातल्या बांगड्या गेलेल्या बघितल्या, मीच ह्यांना सांगितलं."

"म्हणजे मंगललाही..."

"मंगलशिवाय मार्चात त्यांना कॉफी कोण देत होतं?"

"सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

"बनवायला लागलं नाही रे," अक्का म्हणाली. रागाने नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

मग एक एक करून बाकीचं निघालं. देवनहळ्ळीहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दाजी हप्त्यासाठी बँकेत ठेव मोडायला गेले होते. शेणॉय म्हणाले, तुमच्या मेहुण्यांना खातं भरायला सांगा, संध्याकाळपर्यंत ठेव मोकळी करतो. त्या महिन्यात माझी मर्यादा काठोकाठ भरलेली होती, कारण टीव्हीचे हप्ते होते, आणि कारण त्याच भाऊबिजेला मी पैशाऐवजी अक्काला म्हैसूर सिल्कची साडी दिली होती. दाजी बँकेतून घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "साइट नको. फार लांब आहे." त्यांनी एवढंच एक खोटं अक्काशी बोलून बघितलं, आणि तेही टिकलं नाही.

"मला सांगितलं असतं तर मी टीव्ही विकला असता," मी म्हटलं. "स्कूटर विकली असती."

"विकलीच असतीस. आणि परत आमची पायरी चढला नसतास. अकरा मनीऑर्डरी मी विसरले नाही, दिगू."

मला त्या क्षणी फक्त एकच गोष्ट दिसत होती, भाऊबिजेचं ताट. सहा वर्षं ज्या पैशाची ओवाळणी मी छाती पुढे काढून टाकत होतो तो पैसा माझ्या बहिणीच्याच घरचा होता. मी विचारलं, निदान ते पाचशे एक तरी तू कशावर खर्च केलेस? हे अक्काला सांगायचं नव्हतं हे दिसत होतं. "दुसऱ्या दिवशी हे बँकेत जाऊन तुझ्याच खात्यात भरून यायचे. तेवढंच तुझं व्याज कमी."

घरी येऊन मी पासबुकं काढली. मी पासबुक कधी वाचत नसे, नुसता शेवटचा आकडा बघत असे, तोही एक डोळा मिटून. दर दिवाळीनंतर एक छोटी जमा होती. पाच वर्षं, पाच जमा. त्या जमेकडे माझं लक्ष एकदाच गेलं होतं आणि मी मंगलला म्हटलं होतं, बघ, बँक चांगल्या गिऱ्हाइकाला दिवाळीचं काहीतरी देते. फक्त साडी तेवढी परत आली नाही, कारण साडी बँकेत भरता येत नाही. अक्काकडे माझं म्हणून पोचलेलं ते एकच, आणि त्याच्यापायी तिचं पूर्वेच्या खिडकीचं स्वयंपाकघर गेलं. नेसायला सहा वार, आणि किंमत चाळीस बाय साठ.

लोक म्हणतील, एवढा देवमाणूस, आणि हा रडतोय कशाला. मंगल तर रोजच म्हणते. तिच्याशी मी आठ दिवस बोललो नाही, नवव्या दिवशी बोललो कारण मोजे सापडत नव्हते. पण दाजींनी मला बुडवलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ओव्हरड्राफ्ट दिला, दिला. ठेव अडकवली, अडकवली. ते एकवेळ मी गिळीन. पण चार वर्षं मी त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीसमोर, त्यांच्या भाऊबंदांसमोर त्यांना भित्रा ठरवत होतो, आणि प्रत्येक वेळी ते पेपरआडून नेमक्या जागी ते वाक्य टाकत होते. एकदा तरी त्यांनी पेपर खाली करावा. एकदा तरी मला एकट्याला गच्चीवर बोलावून म्हणावं, "पुरे कर, गाढवा." त्यांनी मला तेवढंही दिलं नाही. सगळी गोष्ट माझी आहे असं मला वाटू दिलं, आणि तिच्यातला हास्यास्पद माणूस कोण ते अक्का, मंगल आणि शेणॉय यांना माहीत होतं... मला सोडून. मायक्रॉनच्या हिशोबाने काम करणाऱ्या माणसाने मला किती सत्य झेपेल तेही मोजून ठेवलं होतं, आणि माप शून्य आलं होतं. हे मला लागलं आहे. ते बरोबर असेल तर जास्तच लागलं आहे.

मी स्कूटर विकली. टीव्हीला पाचव्या भागाइतकी किंमत आली. उरलेलं प्रॉव्हिडंट फंडातून काढलं आणि दिवाळीच्या आधीच्या सोमवारी खातं मिटवलं. त्या नम्र मुलीने पावती लिफाफ्यात घालून दिली आणि विचारलं, "मर्यादा पुन्हा हवी का, सर?" मी तिला म्हटलं, माझा चेहरा बघून सांगा. तिला काही कळलं नाही. सध्या मी बसने हिंडतो, आणि पगार एकवीस तारखेला संपला की घरात पिठलं असतं.

यंदा अक्काकडे दिवाळी नव्हती. भाऊबिजेला मी गेलो, जाऊ की नको हा विचार दोन दिवस करून. दारात उभा राहिलो तेव्हा हातात डझनभर केळी होती. दिवा नव्हता, पाट नव्हता. मुलं सगळी जमली होती, माझी दोन आणि दाजींची वीणा. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि माझ्या धाकट्याने, त्याला काय माहीत, म्हटलं, "बाबा, आत्याकडे कुणीच बोलत नाही. देवनहळ्ळीची सांगा ना." वीणाही म्हणाली, "सांग, मामा." तिलाही माहीत नाही. मी वेताच्या खुर्चीकडे बघितलं. कुणी तिच्यावर बसत नव्हतं, त्या दिवसाचा पेपर तेवढा घडी न मोडता ठेवलेला होता. मी म्हटलं, "आज नको." मुलं कंटाळून गच्चीवर गेली.

अक्का आणि मी दोघंच राहिलो. तिच्या अंगावर ती म्हैसूर सिल्क नव्हती, साधी सुती साडी होती. मी आधी ठेवीची पावती दिली, मग खिशातून ओवाळणीचं पाकीट काढलं. त्यात एकावन्न रुपये होते. माझ्या पगारातले, वीस तारखेच्या आतले. तिने ताट आणलं नाही, मीही पुढे झालो नाही, पाकीट नुसतं तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, "हे बँकेत भरायचं नाही. भरायला आता खातंच नाही."

"सरी," अक्का म्हणाली. तिने पाकीट कमरेला खोचलं. खुर्चीवरचा पेपर उचलला, मांडीवर घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली.

मला राहवलं नाही. "काय करशील त्याचं?"

अक्काने पेपरची घडी उघडली आणि तोंडासमोर धरली. बराच वेळ काहीच नाही... मग पलीकडून, अगदी सावकाश, आवाज आला.

"विचार चालू आहे."